बंदी कुणी मागितली?

आमच्या धंद्यात परराष्ट्र धोरण आधी कॅन्सलेशनच्या मेलमध्ये दिसतं, वर्तमानपत्रात नंतर. टिळक रोडजवळच्या एका लहानशा टूर ऑफिसात मी व्हिसाचं टेबल सांभाळते. लोकांची बँक स्टेटमेंटं तपासायची, फोटोत दोन्ही कान दिसतायत ना बघायचं, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलीय ना याची खात्री करायची, आणि मग वकिलात काय म्हणते याची वाट पाहायची. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे मला अपॉइंटमेंटच्या तारखांवरून कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं, तेव्हा कोथरूडच्या एका घरातली होणारी कॅनेडियन सून दिवाळीतल्या साखरपुड्याला पोचू शकली नाही. तिला ना खलिस्तान माहीत, ना ट्रुडोंबद्दल विशेष प्रेम. ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला २२ नोव्हेंबरला, फराळाचे डबे घासून झाल्यावर.

तरी 'प्रवासबंदी' या विषयावर आमच्या ऑफिसात खरी खडाजंगी झाली ती मे २०२५ मध्ये. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला, पाकिस्तानने सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचं आपल्या लष्कराने सांगितलं, आणि आमचा इस्तंबूल आणि कॅपाडोकियातल्या बलून-सफरीचा ग्रुप दोन दिवसांत विरघळला. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात आपण 'ऑपरेशन दोस्त' करून तिथे माणसं ढिगाऱ्यातून काढली होती, त्यामुळे राग जास्त होता. एका मोठ्या पोर्टलने तर बुकिंग ६० टक्क्यांनी घटलं आणि रद्द करणारे २५० टक्क्यांनी वाढले असं जाहीरच केलं. इकडे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळांच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं बंद केलं.

सहकारनगरचे एक काका, बँकेतून निवृत्त, स्वतः येऊन फॉर्म फाडून गेले. जाण्याआधी बसले मात्र तासभर. माझ्या शेजारच्या टेबलावर मुग्धा होती. ती विद्यापीठात संरक्षणशास्त्र शिकते आणि सुट्टीत आमच्याकडे काम करते.

"माझे पैसे त्यांच्या ड्रोनला? अजिबात नाही."

"काका, तुमचे पैसे बलूनवाल्याला जातात हो. ड्रोनवाल्याला नाही."

"आणि बलूनवाला कर कुणाला भरतो गं?"

मुग्धा गप्प बसली. मला काकांचं पटलं होतं. आपला पैसा, आपली सुट्टी; कुठे घालवायची नाही हे ठरवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. डिपॉझिटवर पाणी सोडून ते उठले, हेही लक्षात घ्यायला हवं. फुकटचा देशाभिमान पुष्कळ पाहिलाय मी. हा तसा नव्हता. पण दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "खरं तर सरकारनेच बंदी घालायला हवी. म्हणजे प्रश्नच मिटला." ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. स्वतः न जाणं आणि सगळ्यांनाच जाऊ न देणं यांत केवढं अंतर आहे!

आधी हिशेब बघू. २०२४ मध्ये तुर्कस्तानला साधारण ३ लाख ३० हजार भारतीय गेले. त्या वर्षी तिथे आलेले परदेशी पाहुणे ५ कोटींच्या वर. म्हणजे शंभरात एकसुद्धा भारतीय नाही. पाकिस्तानचीच बाजू घेणाऱ्या अझरबैजानचं वेगळं: तिथे एकूण सुमारे २६ लाख आणि त्यांत आपले जवळजवळ २ लाख ४३ हजार. अकरा पाहुण्यांमागे एक भारतीय. बाकूतल्या हॉटेलवाल्याला आपण न गेल्याचं समजणार, इस्तंबूलच्या हॉटेलवाल्याला ती जागा जर्मन की रशियन माणसाने भरली हेही कळणार नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांनी काश्मीरचा विषय काढायचा तो काढलाच.

मालदीवचा दाखला काका नेहमी देतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाह्यात लिहिलं, लोक भडकले, आणि २०२३ मध्ये २ लाख ९ हजारांच्या आसपास असलेले भारतीय प्रवासी २०२४ मध्ये १ लाख ३० हजारांवर आले. ऑक्टोबरात मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले, सूर बदलला. "पाहा!" असं काका म्हणतात. मालदीव पर्यटनावरच जगतो, त्यामुळे झळ बसली असणारच. पण त्याच भेटीत ४० कोटी डॉलरची आणि ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय भारताने त्यांना दिली. परकी चलनाची गंगाजळी आटत आलेल्या देशाला दिल्लीची वाट कर्जाने दाखवली की आपल्या रद्द झालेल्या हनिमून पॅकेजांनी, याचा निकाल मी देणार नाही. श्रेय घ्यायला मात्र आपण सगळे तयार असतो.

आता सरकारी बंदीकडे. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात, एखाद्या देशात जाण्याची परवानगी नाकारायची जी कारणं दिलीत, त्यांत त्या किंवा इतर देशाशी असलेले मैत्रीचे संबंध बिघडण्याची शक्यता हेही एक आहे. हा कायदा आला तोही एका भांडणातूनच. त्याच वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, सरकारला वाटलं म्हणून पासपोर्ट अडवता येणार नाही. मग १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट 'जनहितार्थ' जप्त झाला. कारणं विचारली, तर तीही जनहितार्थ सांगता येणार नाहीत असं उत्तर मिळालं. १९७८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसती कायद्याने ठरलेली पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असायला हवी. आज राज्यघटनेच्या कलम २१ खाली जे जे मागितलं जातं त्यातलं पुष्कळसं या निकालावर उभं आहे. एका अडवलेल्या प्रवासातून एवढं निघालं.

म्हणून मला छापील हुकमापेक्षा तोंडी हुकमाची भीती जास्त वाटते. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवून घेतली म्हणून चीन चिडला. चिनी टूर कंपन्यांनी कोरियाचे ग्रुप विकणं थांबवलं. सरकारने जाहीर असं काही काढलं नाही, निरोप गेले. २०१६ मध्ये ८० लाख चिनी प्रवासी कोरियात आले होते, २०१७ मध्ये त्याच्या निम्मेच. सोलच्या मेयोंगडाँगमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांवर अवकळा आली. थाड मात्र तेव्हा हटलं नाही. माझ्यासारखी चीनमधली एखादी व्हिसा टेबलवाली बाई त्या दिवशी काय करत असेल? हुकूमच नाही, तर दाद कुठे मागायची? आमच्याकडे मे महिन्यात सरकारने बंदी घातली नव्हती, लोकच गेले नाहीत. तरी एका ग्राहकाला तुर्कस्तानचं तिकीट हवं होतं, धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं तिथे, आणि "आता कसं करायचं?" असं आमच्या साहेबांनी हळूच विचारलं, तेव्हा मला त्या चिनी बाईची आठवण आली. तिकीट काढून दिलं आम्ही. पण पाटी लावून नव्हे.

या सगळ्यात खरी दीर्घायुषी बंदी अमेरिकेची, क्युबावरची. १९६३ पासूनची. तिची रचना एखाद्या पुणेरी पाटीला शोभावी अशी आहे: जायला मनाई नाही, खर्च करायला मनाई आहे. बंदी राबवतं ते परराष्ट्र खातं नव्हे, तर अर्थखातं. कार्टर यांनी १९७७ मध्ये ती सैल केली, रेगन यांनी १९८२ मध्ये आवळली, ओबामांनी पुन्हा सैल केली आणि मार्च २०१६ मध्ये स्वतः हवानाला जाऊन आले, ट्रम्प यांनी २०१९ मध्ये क्रूझ बंद केल्या. दर निवडणुकीत सैल-घट्ट. दरम्यान कॅनडाचे आणि युरोपचे लोक तिथल्या किनाऱ्यावर मजेत पडून होते, आणि ज्यांना घालवायचं म्हणून हे सगळं होतं ते फिडेल कॅस्ट्रो २०१६ मध्ये नव्वदीत वारले. अंथरुणात. २०१० मध्ये तर क्युबातल्याच ७४ सरकारविरोधकांनी, त्यांत ब्लॉग लिहिणाऱ्या योआनी सांचेझही होत्या, अमेरिकी काँग्रेसला पत्र पाठवलं की तुमच्या नागरिकांना इकडे येऊ द्या, आमचं एकटेपण त्यानेच कमी होईल. विरोधकांतले सगळे या मताचे नव्हते हे खरं. पण बंदी ज्यांच्या भल्यासाठी, त्यांच्यातलेच इतके जण ती नको म्हणत होते आणि ती टिकली फ्लोरिडातल्या मतांसाठी.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, काकांना आता गाठते. पण मग वडिलांचा जुना पासपोर्ट आठवला. सत्तरच्या दशकात ते कंपनीच्या कामाने पश्चिम जर्मनीला गेले होते. त्या काळच्या भारतीय पासपोर्टांवर कुठे कुठे जाता येईल ते लिहिलेलं असे, आणि तिथल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिका वगळलेली असे. सरकारने सरळ स्वतःच्या नागरिकांवर बंदी घातलेली, तीही परराष्ट्र धोरण म्हणून. वडिलांना त्याचं काही वाटत नसे. उलट, थोडा अभिमानच होता. आणि ही बंदी चुकीची होती असं म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, आणि तो काही लुटुपुटूचा व्यापार नव्हता. १९७४ मध्ये अमृतराज बंधूंच्या संघाने डेव्हिस कपची अंतिम फेरी गाठली, समोर दक्षिण आफ्रिका आली आणि आपण खेळलो नाही. कप त्यांना न खेळता मिळाला. आपल्याला तो आजवर मिळालेला नाही. १० नोव्हेंबर १९९१ ला क्लाइव्ह राइसचा दक्षिण आफ्रिकी क्रिकेट संघ ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा वडील सकाळपासून टीव्हीसमोर होते आणि मला शाळेचा अभ्यास माफ होता.

मग ही बंदी आणि क्युबाची बंदी यांत फरक काय? बरेच दिवस विचार करून मला एकच प्रश्न सापडला: बंदी मागितली कुणी? दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत ती तिथल्या पिचलेल्यांनीच मागितली होती. तिथल्या काळ्यांच्या लढ्याचे नेते अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये जगाला आवाहन केलं की आमच्या देशावर बहिष्कार घाला; झळ आम्हालाही बसेल, पण ती किंमत आम्ही देऊ. शिवाय काय झालं की बंदी उठेल हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होतं. वर्णद्वेषी कायदे गेले, बंदी गेली. तुर्कस्तानच्या बंदीला अशी कुठली अट आहे? ती उठणार कधी, कुणी काय केल्यावर? काकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "आपला राग जाईल तेव्हा." प्रामाणिक उत्तर. पण रागाला धोरण म्हणायला माझं मन घेत नाही.

एक कबूल करते, या प्रश्नाने सगळं सुटत नाही. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ ला जी २६ माणसं गेली त्यांत पुण्यातले दोघे होते. तेही सुट्टीलाच गेले होते, आमच्याकडून रोज जातात तसेच. दुसऱ्याच दिवशी सरकारने अटारी बंद केलं, सार्क सवलतीच्या व्हिसावर इथे असलेल्या पाकिस्तानी नागरिकांना ४८ तासांत निघायला सांगितलं, मग २७ एप्रिलपासून जवळजवळ सगळेच व्हिसा रद्द केले. उपचारांसाठी आलेल्यांना २९ पर्यंत मुदत होती. त्या आठवड्यात हे चूक आहे असं मी कुणाला म्हटलं नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायचा हक्क देशाला असतो, आणि सुरक्षेसाठी दार लावणं ही शिक्षेहून वेगळी गोष्ट आहे. फक्त दोन्हींसाठी हुकूम एकच निघतो आणि तो लागू होतो भलत्यांनाच. हल्लेखोर व्हिसाच्या रांगेत उभे राहत नाहीत. रांगेत असतो हृदयाला भोक असलेल्या मुलाचा बाप.

पिंपरी कॅम्पातले एक सिंधी दादा आमच्याकडे येत. मराठी अस्सल, फक्त 'ळ'ला अडखळायचे. फाळणीत घर सुटलं, पण थोरली बहीण लग्न होऊन शिकारपूरलाच राहिली होती. २०१२ च्या सप्टेंबरात दोन्ही देशांनी व्हिसा सोपा करायचा करार केला, त्यात पासष्टीपुढच्या माणसांना अटारीला आल्यावर तिथेच व्हिसा मिळणार होता. दादांनी बहिणीसाठी रेल्वेची वेळापत्रकं काढून ठेवली. सोय सुरू होणार होती १५ जानेवारी २०१३ ला. त्याच्या आठवडाभर आधी नियंत्रण रेषेवर आपल्या दोन जवानांची निर्घृण हत्या झाली, देश पेटून उठला, आणि १५ तारखेलाच ही सोय स्थगित झाली. दादांनी तक्रार केली नाही. "त्या पोरांच्या आयांपुढे माझं काय!" एवढंच म्हणाले. मला मात्र आजही कळलेलं नाही की सत्तरीतल्या, काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांना अटारीवरून परत पाठवून रावळपिंडीतल्या कुठल्या जनरलची झोप उडाली असेल.

पुण्याला ही गोष्ट तशी नवी नाही. समुद्र ओलांडला की जात जायची, त्या काळात आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. जाण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमधल्या, त्यांना जाहीर भाषण करून सांगावं लागलं की मी का जातेय आणि बहिष्काराची भीती का बाळगत नाही. त्या बंदीने इंग्रजांचं काय बिघडलं? ती होती घरच्यांना धाकात ठेवायला. आजच्या सरकारी बंद्यांतला बराचसा भागही असाच घरच्या प्रेक्षकांसाठी असतो, असं मला या खुर्चीतून दिसतं.

आणि मग फासा उलटा पडला. २० सप्टेंबर २०२५, शनिवार. बाणेरचा एक मुलगा, सॉफ्टवेअरवाला, वडिलांचं पहिलं सर्वपित्री म्हणून न्यू जर्सीहून आलेला. सकाळी ऑफिस उघडायच्या आत त्याचा फोन. "ताई, अमेरिकेतल्या कुठल्याही विमानतळाचं तिकीट बघा. कुठल्याही." रात्रीतून ट्रम्प यांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला होता, तो आपल्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास लागू होणार होता, आणि कंपन्यांनी बाहेर असलेल्यांना ताबडतोब परत या म्हणून कळवलं होतं. म्हणजे संध्याकाळच्या आत मुंबईतून उडायला हवं. भाडं तासागणिक चढत होतं. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता, "अरे, मग उद्या त्यांचं पान कोण वाढणार?" तो निघाला. आणि रात्री उशिरा अमेरिकेने खुलासा केला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. तोवर तो विमानात.

हा आदेश निघाला तो अमेरिकी कायद्याच्या ज्या कलमाखाली, ते म्हणजे २१२ (एफ), त्याच कलमाखाली २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर बंदी आली होती. तिची तिसरी आवृत्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला काही वाटलं नव्हतं, सीरिया-येमेनचा मामला. कलम तेच राहिलं आणि एच-वन-बीवाल्यांत ७० टक्क्यांहून अधिक भारतीय आहेत. आदेशात कारण दिलं होतं अमेरिकी कामगारांच्या हिताचं, पण ऑगस्टअखेरीस आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलेलं असताना त्यामागे फक्त कामगारच होते असं हिंजवडीत कुणी मानत नव्हतं. "आम्ही काय केलंय?" असं त्या मुलाच्या आईने मला विचारलं. कॅपाडोकियाच्या बलूनवाल्यालाही नेमका हाच प्रश्न पडला असेल, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

बंदीचा उपयोग झालेला मला दिसतो तो बहुतेकदा ती उठवताना. अमेरिकेने आपल्या नागरिकांवरची चीनप्रवासाची पासपोर्टबंदी १५ मार्च १९७१ ला उठवली, महिन्याभरात त्यांचे टेबल टेनिसवाले पेकिंगला पोचले आणि पुढच्या फेब्रुवारीत निक्सन. मधली वीसेक वर्षं बंदीने काय मिळवलं ते कुणी सांगत नाही, पण उठवायला काहीतरी हाताशी होतं, आणि त्याला दमडी खर्च आला नाही. आपलंही चीनशी तसंच चाललंय. २०२० पासून बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा जून २०२५ मध्ये सुरू झाली, लिपुलेख आणि नाथू ला मिळून ७५० यात्रेकरू. जुलैत चिनी पर्यटकांना आपण पुन्हा व्हिसा द्यायला लागलो, ऑक्टोबरात थेट विमानं उडू लागली.

गेल्या महिन्यात सहकारनगरचे काका आले ते कैलासची चौकशी करायला. वय अडुसष्ट, सरकारी यात्रेची मर्यादा सत्तर, म्हणून घाई. सोडतीत नंबर नाही लागला तर नेपाळमार्गे किती पडेल तेही हवं होतं. मुग्धा त्या दिवशी ऑफिसात होती.

"काका, मेमधल्या लढाईत पाकिस्तानला थेट माहिती चीन पुरवत होता. आपल्या लष्कराच्या उपप्रमुखांनीच जुलैत सांगितलंय. तुर्कस्तानपेक्षा किती तरी जास्त मदत."

"माहितीये मला."

"मग?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "चीनमध्ये महादेव राहतात. तुर्कस्तानात आपलं कोण राहतं?" म्हणाले, आणि माझ्याकडे वळून नेपाळचं पॅकेज दोन माणसांचं करायला सांगितलं. काकूंनाही यायचं होतं.